अकरा मिनिटं

सर्जेकोटच्या सोसायटीत, बर्फाच्या यंत्राला लागून
माझं टेबल. भिंत दिवसभर थरथरते,
म्हणून कीबोर्डखाली जाळ्याचा एक तुकडा घातलाय.
खाडीत शिरायची शेवटची वेळ
रोज रात्री आठला एकशे बारा मोबाइलवर जाते.
ती जिथून जाते, त्या फाइलीत
दोनशे सातव्या ओळीवर
कुणीतरी, काहीही न सांगता,
अकरा मिनिटं वजा केली होती.

अकरा. दहा नाही, पंधरा नाही.
मी ओळ पुसली. कमिट केलं. संदेश: "साफसफाई".

तिसऱ्या दिवशी हिरोजी आडकरांची 'गांगेश्वरी'
भाटावर बसली.
माणसं सगळी धड. पंखा वाकला.
हिरोजी ओल्या पायांनी थेट टेबलाशी आले,
मोबाइल माझ्यापुढे धरला,
"बाय, ह्या घड्याळ तुझा काय माझा?"

उत्तर नव्हतं. गिट लॉग होता.
काळ्या पडद्यावर गेली सालं उतरत आली,
टोपलीत मासळी रचतात तशी: ताजी वर, जुनी तळाला.
फक्त इथली जुनी नासत नाही.
वरचे तीन माझे. साफसफाई, अपडेट, अपडेट दोन.
त्याखाली सगळा लवू कोयंडे.

लवूला मी पाहिलेलं नाही. शारजात टगबोटीवर असतो म्हणे.
या खुर्चीचा डावा हात त्याच्या कोपराने झिजलाय.
"डिझेलचो कोटो बदललो. कित्याक ता सरकाराक इचारा."
"लाईट गेली, इली, गेली. झाला तितक्या ठेवलंय."
"काल केलंय ता चुकला. मागे घेतंय. लाज नाय."

ओळ तर मीच पुसलेली,
म्हणून एक पाऊल मागे जाऊन ब्लेम चालवलं.
नाव वाईट ठेवलंय त्या आज्ञेचं.
ती बिचारी कुणाला जाब विचारत नाही,
ओळीसमोर माणूस उभा करते आणि तारीख.
दोनशे सात. लवू. सतरा ऑक्टोबर, पहाटे पाच चाळीस.
आणि त्या कमिटच्या पोटात:

"गाळ इलो. खाडीचा तोंड बुजता हा.
कोष्टकात पाणी हा, खाडीत नाय.
तीन सुकती होडयेत बसान मोजलंय, बांबू घेवन.
अकरा मिनटां आधी शिरूक व्हया.
पुढच्या माणसान ह्यो आकडो परत मोजूचो. दर वर्साक."

तेवढ्यात बर्फाचं यंत्र थांबलं,
आणि पुढचा माणूस त्या शांततेत
खुर्चीत अवघडून बसला.

रिव्हर्ट.
ही आज्ञा चूक खोडत नाही,
चुकीशेजारी तिची उलटी नोंद लावते, दोन्ही राहतात.
इतिहास सपाटही करता आला असता.
रेपोत मी एकटी, कळणार कुणाला?
हिरोजी मागे उभेच होते.
"पुसतंस काय?"
"नाही. ठेवतेय."

शनिवार-रविवार त्यांच्याच होडीत बसले.
बांबूवर खिळ्याने खुणा. दोनदा ओकले.
आकडा आता चौदा.

ओळ बदलायला दहा सेकंद, संदेशाला अर्धा तास.
मी मिरजेची, लवूची बोली माझ्या तोंडी बसत नाही.
शेवटी लिहिलं:
"चौदा. दोन सुकती मोजल्या, तिसरी राहिली, मला दर्या लागला.
बांबू हिरोजींच्या पडवीत आहे, आडव्या वाशावर.
पुढच्या माणसाने तिसरी मोजावी."

कमिट झालं. पुश अडकला, रेंज गेलेली.
नोंद इथेच होती, माझ्या बगलेतल्या डब्यात,
जगाला अजून पत्ता नव्हता.
आठला दहा कमी.
लॅपटॉप घेऊन टेंबावर चढले, एक काडी दिसेपर्यंत.
खाली बॅटरीच्या उजेडात
'गांगेश्वरी'चा पंखा बसवत होते,
आणि कुणीतरी सारखं ओरडत होतं,
पान्हो खंय ठेवलास, पान्हो.